विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर कोणतें ‘ऑफिस’ असावें ?

बारावीचे निकाल लागून महाविद्यालयांतील प्रवेशाची धांदल संपली म्हणजे मध्यमवर्गीय घरांतून लॅपटॉपच्या खरेदीचा खल सुरू होतो. कोणत्या कंपनीचा घ्यावा, किती रॅमचा घ्यावा, दुकानांत जाऊन घ्यावा कीं घरबसल्या मागवावा, ह्या प्रश्नांवर मामा, चुलते, शेजारचे इंजिनियर आणि खुद्द चिरंजीव ह्यांचीं निरनिराळीं मतें पडतात व आठ आठ दिवस चर्चा चालते. परंतु ज्या साधनानें मुलगा किंवा मुलगी पुढील तीन-चार वर्षें निबंध लिहिणार, प्रयोगांचे आंकडे मांडणार आणि शेवटीं प्रबंध सादर करणार, त्या साधनाची निवड मात्र दुकानांत उभ्याउभ्या अर्ध्या मिनिटांत होते. “ऑफिस टाकून देऊं ना ?” असें दुकानदार विचारतो, “टाका, टाका” असें वडील म्हणतात, आणि विषय संपतो. पूर्वीं मुलास टाक घ्यावयाचा तर वडील तो कागदावर ओढून पाहिल्यावांचून पैसे देत नसत. ह्या अर्ध्या मिनिटाविषयींच आज आम्हांस थोडें विस्तारानें लिहावयाचें आहे.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. वनस्पति तुपाच्या कोणत्याहि डब्यास आपल्या घरांतून जसें सरसकट ‘डालडा’ म्हणत, तसें लेखन, आंकडेमोड व सादरीकरण ह्या तीन कामांच्या सॉफ्टवेअर-संचास लोक सरसकट ‘ऑफिस’ म्हणूं लागले आहेत. वस्तुतः तें मायक्रोसॉफ्ट ह्या अमेरिकन कंपनीच्या संचाचें नांव. तो संच १९८९ सालीं प्रथम मॅकिंटॉश संगणकाकरितां व पुढच्या वर्षीं विंडोजकरितां निघाला. त्यांतील वर्ड, एक्सेल व पॉवरपॉइंट हीं नांवें आतां प्राथमिक शाळेंतील मुलांसहि पाठ असतात. परंतु तींच कामें करणारे दुसरे संच आहेत. त्यांपैकीं कांहीं विनामूल्य आहेत, आणि बी. ए., बी. एस्‌सी.च्या विद्यार्थ्यास जेवढें लागतें तेवढें त्या सर्वांत आहे. तेव्हां ‘कोणत्यांत सोयी अधिक’ हा प्रश्न आम्ही येथें दुय्यम मानतों. मुख्य प्रश्न निराळा आहे. विद्यार्थ्यानें आज लिहिलेलें उद्यां त्याच्याच ताब्यांत राहील ना ? वर्गणी संपली, खातें बंद झालें, लॅपटॉप बदलला, तरी तें उघडेल ना ? ह्या कसोटीवर एकेक पर्याय घांसून पाहूं.

दुकानदार जें ‘टाकून देतो’, तें पुष्कळदां चोरीचें असतें, हें स्पष्ट शब्दांत सांगणें आम्हांस प्राप्त आहे. सर्वच दुकानदार तसें करतात असें नव्हे. पण पांचशें रुपयांत, किंवा “तुमच्याकडून काय घ्यायचें, साहेब” म्हणून फुकट मिळालेला मायक्रोसॉफ्टचा पूर्ण संच परवान्याचा नसतो, एवढा हिशेब कोणासहि करतां यावा. ग्रंथालयाचें पुस्तक चार दिवस उशिरां परत गेलें तर ज्या घरांत ओशाळल्यासारखें होतें, त्याच घरांत ह्या चोरीचें कोणास कांहीं वाटत नाहीं, ह्याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें. वस्तु हातांत धरतां येत नाहीं म्हणून ती कोणाच्या मालकीचीच नाहीं, अशी कांहींशी समजूत असावी. कायद्याची समजूत तशी नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ च्या दुरुस्तीनें घातलेल्या ६३-ब ह्या कलमान्वयें, संगणकाच्या प्रोग्रॅमची प्रत बेकायदा आहे हें ठाऊक असून ती वापरणारास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर नफ्याकरितां नसेल तर न्यायालयास कैद न देतां केवळ ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवितां येतें. कोणा विद्यार्थ्यास उद्यांच धरून नेतील असें भय घालण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याहून जवळचें भय दुसरें आहे. अशा संचाचें कुलूप फोडणारा जो लहानसा प्रोग्रॅम बरोबर टाकावा लागतो, तो टाकतांना संगणकाचा विषाणुरक्षक बंद करा असें सांगितलेलें असतें. पहारेकऱ्यास झोंपवून घरांत घेतलेला हा पाहुणा आंत काय करतो, हें कोण पाहणार ? आणि त्याच लॅपटॉपवरून पुढें महाविद्यालयाची फी भरली जाते व वडिलांच्या बँकेचा पासवर्ड टाइप होतो.

ह्या भानगडींत पडण्याचें वास्तविक कारणहि पुष्कळदां नसतें. हल्लीं आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपांबरोबर मायक्रोसॉफ्टचा घरगुती संच कायमच्या परवान्यासह किंमतींतच येतो. खोक्यावर ‘ऑफिस होम अँड स्टूडंट २०२१’ किंवा ‘ऑफिस होम २०२४’ अशीं अक्षरें आहेत कीं काय, तें पहावें. नुसती ‘महिनाभर चालवून पहा’ अशी आवृत्ति असेल तर ती निराळी. तिला कायमची समजूं नये. परवाना कायमचा असला तरी त्याची देखभाल मात्र मुदतीची असते : २०२१ च्या आवृत्तीची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, २०२४ च्या आवृत्तीची ऑक्टोबर २०२९ पर्यंत. त्यानंतर संच चालतो, परंतु त्यांत सांपडलेल्या छिद्रांना ठिगळें लावण्यास कंपनी बांधलेली राहत नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना. हा परवाना ज्या ई-मेल पत्त्यानें प्रथम जागा केला जातो, त्या पत्त्याशीं तो कायमचा बांधला जातो. दुकानांतील पोऱ्या घाईंत स्वतःचाच एखादा पत्ता घालून काम उरकतो. वर्षदीड वर्षानें विंडोज नव्यानें भरण्याची वेळ आली म्हणजे मायक्रोसॉफ्ट तो पत्ता व त्याचा पासवर्ड मागतें, आणि तोंवर पोऱ्याहि दुकान सोडून गेलेला असतो. सबब लॅपटॉप घरीं आणून, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या, आणि महाविद्यालयानें दिलेल्या नव्हे तर खासगी पत्त्यावर, पहिल्या आठवड्यांतच हें काम करावें.

संच विकत घेण्याऐवजीं भाड्यानेंहि मिळतो. त्यास २०२० पासून घरगुती ग्राहकांपुरतें ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ असें नांव आहे. दरवर्षीं कांहीं हजार रुपये भरावे, नेहमीं नवी आवृत्ति वापरावी, आणि कंपनीच्या दूरच्या कोठारांत १ टेराबाइट जागा मिळवावी, अशी ही योजना आहे. एका कौटुंबिक वर्गणींत ६ माणसांपर्यंत सोय होत असल्यामुळें, दोन-तीन भावंडें शिकत असलेल्या घरास ती महाग पडत नाहीं. परंतु भाड्याचें घर तें भाड्याचेंच. वर्गणी थांबली कीं वर्ड आपलेंच लिखाण आपणांस दाखवितें, छापूं देतें, पण त्यांत एक अक्षर बदलूं देत नाहीं. शेवटच्या वर्षाचा प्रबंध अर्धवट असतांना हा प्रसंग यावा, हें बरें नव्हे.

आतां विद्यापीठाकडून फुकट मिळणाऱ्या सोयीकडे वळूं. पुष्कळ शिक्षणसंस्था विद्यार्थ्यांस संस्थेच्या नांवाचा ई-मेल पत्ता देतात, आणि त्या पत्त्यावर मायक्रोसॉफ्टचे वर्ड-एक्सेल इंटरनेटवरून विनामूल्य वापरतां येतात, किंवा गूगलचा शैक्षणिक संच मिळतो. सोय उत्तम आहे. ती घेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें खातें विद्यार्थ्याचें नसतें, संस्थेचें असतें, वसतिगृहाच्या खोलीसारखें. खोलींत राहावें, पण आजीचे दागिने तेथें ठेवूं नयेत.

आमच्या परिचयाच्या एका घरांतील कन्येनें एम्. ए. करितांना कोंकणांतील दोन-तीन गांवीं हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ध्वनिमुद्रणें, त्यांचीं लेखी टिपणें, कोणत्या बाईनें कोणती ओवी कोठें ऐकली ह्याचीं कोष्टकें, सारें तिनें महाविद्यालयाच्या खात्यांत व्यवस्थित लावून ठेविलें होतें. मुलगी अत्यंत टापटिपीची. पदवी मिळाली, पांच-सहा महिने गेले, आणि पीएच्. डी. च्या प्रवेशाकरितां आराखडा लिहावयास ती बसली, तों खातें मिटलेलें. संस्थेनें नियमाप्रमाणें आगाऊ सूचना दिली होती, पण ती त्याच खात्यावर. आणि परीक्षा संपल्यावर तें खातें उघडण्याचें तिला कारणच पडलें नव्हतें. छापलेला प्रबंध कपाटांत आहे, त्यांत निवडक ओव्या आहेत. बाकीच्या गेल्या. ज्या दोन वृद्ध बायांनीं त्या सांगितल्या, त्यांपैकीं एक आतां हयात नाहीं.

संस्थांना तरी सर्वस्वीं दोष कसा द्यावा ? गूगल पूर्वीं शिक्षणसंस्थांस अमर्याद जागा देत असे. २०२१ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं, पुढच्या वर्षाच्या जुलैपासून प्रत्येक संस्थेस सर्वांची मिळून मूळ मर्यादा १०० टेराबाइट राहील. हजारों विद्यार्थ्यांच्या विद्यापीठास तेवढ्यांत भागवावयाचें म्हणजे बाहेर पडलेल्यांचीं खातीं आवरतीं घेणें ओघानेंच आलें. गूगलचें खासगी खातें ह्यापेक्षां बरें, कारण तें निदान आपल्या नांवाचें असतें. परंतु त्यांतहि टपाल, छायाचित्रें व फाइली ह्या सर्वांस मिळून १५ गिगाबाइटच जागा फुकट आहे, आणि दोन वर्षें कोणी न फिरकल्यास तें खातें पुसून टाकण्याचा अधिकार कंपनीनें राखून ठेविला आहे.

असें असलें तरी चारचौघांनीं मिळून करावयाच्या कामांत गूगल डॉक्सच्या तोडीचें साधन विरळा. पुण्यांतील एक, नागपुरांतील एक व साताऱ्यास सुटींत गेलेली एक, अशीं तिघेंजणें एकाच निबंधावर एकाच वेळीं लिहूं शकतात, आणि गुरुजींनीं समासांत केलेल्या सूचना तिघांसहि तत्क्षणीं दिसतात. मराठींत बोललेलें मराठींत उमटविण्याची त्यांतील सोय मुलाखती उतरवून घेणारास फार उपयोगी पडते. जोडाक्षरें व विशेषनामें मात्र डोळ्यांखालून घालावीं लागतात. चेन्नईच्या झोहो कंपनीचा ‘रायटर’ २००५ पासून असलेंच काम करीत आहे, व देशी कंपनीचा म्हणून कांहीं घरांत तो आवडीनें वापरतात. परंतु शंभर-दीडशें पानांचा, तळटीपांनीं भरलेला प्रबंध इंटरनेटच्या भरंवशावर लिहूं नये असें आमचें मत आहे. आषाढांत वीज जाते, तार तुटते, आणि सादर करण्याची तारीख मात्र हालत नाहीं.

ज्या संचाची शिफारस करण्याकरितां आम्ही मुख्यतः लेखणी उचलली, त्याचें नांव लिब्रेऑफिस. त्याची कुळकथा थोडी ऐकण्यासारखी आहे. १९८५ सालीं जर्मनींतील ल्यूनेबुर्ग गांवीं मार्को ब्योरीस नांवाच्या सोळा वर्षांच्या मुलानें एक कंपनी काढली व तिनें पुढें ‘स्टारऑफिस’ हा संच तयार केला. १९९९ सालीं अमेरिकेंतील सन कंपनीनें तो विकत घेतला आणि पुढच्याच वर्षीं त्याची मूळ संहिता जगास खुली केली. कोणीहि ती वाचावी, सुधारावी, वांटावी. २०१० सालीं सन कंपनीच ओरॅकलच्या पोटांत गेली. आतां ह्या संचाचें काय होणार, अशी चिंता त्यावर काम करणाऱ्यांस वाटूं लागली. तेव्हां त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्यांतील पुष्कळांनीं ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही स्वतंत्र संस्था स्थापून खुल्या संहितेवरून लिब्रेऑफिस निराळें काढलें. एक कंपनी विकली गेली, दुसरी गिळली गेली, तरी काम बंद पडलें नाहीं. कारण ज्या कागदावर तें लिहिलें होतें तो कोणा एकाच्या तिजोरींत नव्हता. विद्यार्थ्याच्या दृष्टीनें ह्या इतिहासाचें महत्त्व एवढ्यासाठींच.

हा संच विंडोज, मॅक व लिनक्स ह्या तिन्हींवर चालतो. संस्थेच्या मूळ संकेतस्थळावरून तो उतरून घ्यावा. खातें उघडावें लागत नाहीं, पैसे पडत नाहींत, आणि एकदां भरल्यावर इंटरनेटहि लागत नाहीं. बेताच्या लॅपटॉपवर तो समाधानानें चालतो. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्यामुळें वडिलांचा जुना लॅपटॉप लिनक्स घालून मुलास द्यावा असें ज्या घरांत ठरतें, तेथें तर दुसरा सोयीचा पर्याय शोधावाच लागत नाहीं. त्याचे मेनू मराठींतूनहि मिळतात. मुंबईच्या आय. आय. टी. च्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रमांत त्याचे छोटे छोटे धडे मराठी निवेदनासह विनामूल्य पाहावयास मिळतात; पांच-सहा धडे पाहिले कीं वर्डवर हात बसलेल्यासहि त्यांत परकेपणा वाटत नाहीं.

मराठींत लिहिणाऱ्यास मात्र एक अडचण पहिल्याच दिवशीं येते, आणि तिचें मर्म न कळल्यामुळें पुष्कळजण ‘ह्यांत मराठी नीट होत नाहीं’ म्हणून हा संच सोडून देतात. अडचण अशी कीं, अक्षराचा आकार १२ चा १४ केला तरी देवनागरी जागचें हालत नाहीं. कारण हा संच रोमन लिपीकरितां एक फॉन्ट व देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिपींकरितां दुसरा फॉन्ट असे दोन हिशेब वेगळे ठेवतो. सेटिंगांत भाषांच्या पानावर ह्या लिपींचा पर्याय चालू करून हिंदी किंवा मराठी निवडली म्हणजे अक्षराच्या चौकटींत दोन्ही फॉन्ट वेगवेगळे दिसूं लागतात. मग ज्याचा आकार बदलावयाचा त्याचा बदलावा. वर्डमध्येंहि अशीच विभागणी आंतून असते.

फॉन्टाविषयीं आणखी थोडें सांगितलें पाहिजे, कारण ऐन वेळीं घात होतो तो ह्याच ठिकाणीं. फाइलींत अक्षरें असतात, परंतु त्यांचें रूप देणारा फॉन्ट बहुधा संगणकांत असतो. घरीं सुरेख दिसणारा प्रबंध शेवटच्या दिवशीं झेरॉक्सच्या दुकानांत उघडला, आणि तेथें तो फॉन्ट नसला, तर दुसराच फॉन्ट त्याची जागा घेतो, ओळी वाढतात, पानें सरकतात, आणि अनुक्रमणिकेंत ४७ व्या पानावर असलेलें प्रकरण ४९ व्या पानावर जाऊन बसतें. बाइंडिंगवाला तर संध्याकाळीं सातला दुकान बंद करणार ! ह्यास उपाय म्हणजे छपाईस व परीक्षकांस नेहमीं पी. डी. एफ्. द्यावी, तींत अक्षरांचें रूप फाइलीबरोबरच बांधून जातें. दुसरा उपाय, कोठेंहि मोफत मिळणारा फॉन्ट आरंभापासूनच वापरावा. ‘टिरो देवनागरी मराठी’ ह्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल व श आपोआप येतात. ‘मुक्त’ हा मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचा फॉन्टहि वाचावयास स्वच्छ आहे. इंग्रजीपुरतें बोलावयाचें तर टाइम्स न्यू रोमनच्याच मापाचा ‘लिबरेशन सेरिफ’ लिब्रेऑफिसबरोबर येतो, त्यामुळें ओळी सहसा हालत नाहींत. युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या ज्या फाइली ज्येष्ठ अध्यापकांकडून मिळतात व उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा खिचडा दाखवितात, त्यांचा दोष कोणत्याहि ऑफिसचा नव्हे. त्या युनिकोडमध्यें रूपांतर करूनच घ्याव्या लागतात.

लिब्रेऑफिस आपल्या फाइली ‘ओपन डॉक्युमेंट’ ह्या पद्धतींत ठेवतें. ही पद्धति २००६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक ठरली. मायक्रोसॉफ्टच्या हल्लींच्या ‘डॉक्‌एक्स’ इत्यादि फाइलींच्या पद्धतीस तोच मान २००८ सालीं मिळाला, आणि तोहि बऱ्याच वादानंतर. त्या मतदानांत भारतानें विरोधी मत दिलें होतें. आज दोन्ही संच दोन्ही प्रकारच्या फाइली उघडतात. साध्या पत्रांत व निबंधांत फरक दिसत नाहीं. गुंतागुंतीचीं कोष्टकें, चौकटी व समासांतील शेरे इकडून तिकडे जातां-येतां थोडे विस्कटतात, हें आम्ही लपवून ठेवीत नाहीं. म्हणून मूळ प्रत एकाच संचांत ठेवावी. सकाळीं एकांत व रात्रीं दुसऱ्यांत लिहिण्याची चैन करूं नये. मार्गदर्शक वर्डच्याच फाइलींत दुरुस्त्या करून परत पाठवीत असतील, तर सरळ वर्ड वापरावें. गुरूशीं फाइलीच्या प्रकारावरून वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

फाइलीचा प्रकार ही कारकुनी बाब आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं इंग्लंडमधील एक गोष्ट ऐकावी. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत तेथील सार्वजनिक आरोग्य खात्याच्या यादींतून १५,८४१ कोरोना रुग्ण वेळेवर नोंदले गेले नाहींत. कारण असें निघालें कीं, आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलींत भरली जात होती, आणि त्या प्रकारांत ६५,५३६ च्या पुढें ओळ मावत नाहीं. नव्या प्रकारांत १०,४८,५७६ ओळी मावतात. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्यें मर्यादा तेवढीच आहे. मावल्या नाहींत त्या ओळी गळाल्या, आणि त्या रुग्णांच्या सहवासांत आलेल्यांस सावध करण्याचें काम कित्येक दिवस मागें पडलें.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस दुसरी एक गोष्ट ठाऊक असेल. राइनहार्ट व रोगॉफ ह्या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनीं २०१० सालीं राष्ट्रीय कर्ज व आर्थिक वाढ ह्यांवर निबंध लिहिला व अनेक देशांतील राजकारण्यांनीं त्याचा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांतील टॉमस हर्न्डन हा विद्यार्थी स्वाध्याय म्हणून त्यांतील आंकडे पडताळूं लागला, तर ते जुळेनात. त्यानें लेखकांकडून मूळ एक्सेलची फाइल मागवून घेतली, त्यांनीं ती दिली, आणि २०१३ सालीं उघड झालें कीं, सरासरीच्या सूत्रांत पांच ओळी, म्हणजे पांच देश, सुटले होते. चुका आणखीहि होत्या. सर्व दुरुस्त केल्यावर अति कर्जबाजारी देशांच्या वाढीची सरासरी उणें ०·१ टक्क्याऐवजीं अधिक २·२ टक्के निघाली. फाइल उघडली, सूत्र दिसलें, म्हणून एका विद्यार्थ्यास तें सांपडलें. आपल्या मुलांनीं कोष्टकें करितांना आंकडे नुसते उत्तरादाखल न लिहितां सूत्रें जिवंत ठेवावींत, म्हणजे मार्गदर्शकास, किंवा सहा महिन्यांनीं त्यांचें त्यांनाच, तीं तपासतां येतील.

आतां कोणीं काय घ्यावें ? मराठी, इतिहास, समाजशास्त्र, विधि अशा लेखनप्रधान विषयांच्या विद्यार्थ्यास लिब्रेऑफिस पूर्णपणें पुरतें, आणि जोडीला संदर्भ सांभाळणारें ‘झोटेरो’ हें विनामूल्य साधन घेतलें म्हणजे ग्रंथसूचीची दगदग निम्मी होते. झोटेरो वर्ड, लिब्रेऑफिस व गूगल डॉक्स ह्या तिन्हींशीं जोडतां येतें. वाणिज्य, सी. ए. व व्यवस्थापन ह्या वाटेनें जाणाऱ्यास मात्र आम्ही एक्सेलच शिकावयास सांगूं. ज्या कचेऱ्यांत त्यास नोकरी करावयाची आहे तेथें तेंच आहे, व त्यांतील कांहीं सोयी कॅल्कमध्यें जशाच्या तशा नाहींत. लॅपटॉपबरोबर परवान्याचा संच आलाच असेल, तर त्यानें तो आनंदानें वापरावा. गणित व पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी लवकरच लाटेकच्या नादीं लागतात. त्यांना आमच्या सल्ल्याची गरज नाहीं.

संच कोणताहि असो, पहिल्या सत्राच्या आरंभीं, काम नसतांना, त्याची एकदां परीक्षा घ्यावी. दोन पानें मराठी व दोन इंग्रजी टाइप करावीं. तऱ्हा, वाऱ्या, ऱ्हास हे शब्द त्यांत मुद्दाम घालावे. एक तळटीप, एक कोष्टक व मथळ्यांवरून आपोआप होणारी अनुक्रमणिका करून पहावी. मग ती फाइल मित्राच्या लॅपटॉपवर, वडिलांच्या फोनवर व झेरॉक्सच्या दुकानांत उघडावी. एका दुपारचें काम आहे. त्याच दुपारीं प्रतींची व्यवस्था लावावी : एक लॅपटॉपवर, एक खासगी खात्यांत, आणि एक आठवड्यास बदलली जाणारी पेनड्राइव्हवर, जी दप्तरांत लॅपटॉपच्याच कप्प्यांत न ठेवतां घरीं आईच्या कपाटांत ठेवावी. महाविद्यालयाचें खातें असेल तर शेवटच्या परीक्षेच्या आधींच्या महिन्यांत त्यांतील सर्व कांहीं उतरून घ्यावें. निकालाची वाट पाहूं नये.

घरांतील इतर मंडळीहि ह्या लॅपटॉपवर डोळा ठेवून असतात, हें अनुभवी वाचकांस सांगावयास नको. वडील सोसायटीचे चिटणीस असतात, मावशींचा दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय असतो, आणि त्यांचे हिशेब ‘जरा तुझ्या एक्सेलमध्यें’ करून हवे असतात. ‘होम अँड स्टूडंट २०२१’ च्या परवान्यांत व्यापारी कामास मुभा नाहीं. फराळाच्या हिशेबाकरितां घरांतल्या जुन्या संगणकावर लिब्रेऑफिस भरून द्यावें. त्याच्या परवान्यांत घर, धंदा असा भेद नाहीं, आणि एकच प्रत सोसायटीच्या दहा घरांत वांटली तरी कोणाचा कायदा मोडत नाहीं.